लेस्टरला येण्यापूर्वी: जुन्या इंग्रजी घराच्या भिंतीवरची लाकडी पट्टी

आपण नोकरीनिमित्त सहकुटुंब लेस्टरला येत आहात. भाड्याने घेतलेल्या जुन्या घराच्या व्हिडिओत आपल्याला बैठकीच्या चारही भिंतींवर, छताच्या साधारण दीड फूट खाली, सलग फिरलेली एक अरुंद लाकडी पट्टी दिसली. ती नुसती शोभेची आहे, तिच्यातून विजेच्या तारा गेल्या आहेत, की पूर्वी तिथे माळा होता, असे आपण विचारले आहे; आणि आई-वडिलांची मोठी तसबीर लावण्यासाठी तिच्या खाली खिळा ठोकला तर चालेल का, हेही. चौदा वर्षांपूर्वी मी या देशात आलो तेव्हा अशाच घरात राहिलो होतो आणि नेमक्या याच बाबतीत चूक केली होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

त्या पट्टीला येथे ‘पिक्चर रेल’ म्हणतात आणि ती तसबिरी टांगण्यासाठीच बसवलेली असते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) आणि त्यानंतरच्या काही दशकांत बांधलेल्या घरांमध्ये ती सर्रास आढळते. खालून पाहणाऱ्याला ती साधी कंगोऱ्याची नक्षी वाटते, पण शिडीवर चढून तिची वरची कड बोटाने चाचपली, तर ती गोलसर असून तिच्या मागे भिंतीलगत एक खाच असल्याचे कळते. त्या कडेवर पितळी आकडा अडकवायचा, आकड्याला तार किंवा बारीक साखळी बांधायची आणि तिला तसबीर लटकवायची, अशी ही योजना आहे. तसबीर डावी-उजवीकडे सरकवायची असेल, तर आकडा सरकवला की झाले. भिंतीला एकही भोक पडत नाही. आपल्याकडच्या वाड्यांमध्ये भिंत बांधतानाच खुंट्या बसवून घेत असत, तोच विचार येथे वेगळ्या रूपात दिसतो.

एवढा खटाटोप करण्याचे कारण भिंतीच्या घडणीत आहे. या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या असतात आणि त्यांवर चुन्याचा गिलावा असतो; आतल्या काही भिंती आणि बहुतेक छते मात्र लाकडाच्या सांगाड्याची असतात. त्या सांगाड्यावर कामट्यांसारख्या बारीक पट्ट्या थोडे थोडे अंतर सोडून आडव्या ठोकलेल्या असतात आणि ओला गिलावा त्या फटींतून दाबून पलीकडे काढलेला असतो. पलीकडे गेलेला गिलावा वाळून गाठीसारखा घट्ट होतो आणि त्या गाठींच्या आधारावरच सगळा थर उभा राहतो. हातोड्याच्या हादऱ्याने गाठी तुटल्या, की जिथे खिळा ठोकला तिथेच नव्हे, तर भोवतालचाही गिलावा सुटतो. मी माझ्या पहिल्या हिवाळ्यात वडिलांच्या छायाचित्रासाठी एकच खिळा ठोकला आणि ताटाएवढा गिलावा जमिनीवर आला. घर सोडताना त्याच्या दुरुस्तीचा खर्च अनामत रकमेतून वळता झाला. पैशांपेक्षा मला वाईट याचे वाटले, की जी सोय माझ्या डोक्यावर दोन हात अंतरावर शंभर वर्षे तयार होती, तिला मी निव्वळ नक्षी समजत राहिलो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की खिळा ठोकू नका, पट्टी वापरा. मात्र वापरण्यापूर्वी ती तपासा. दोन्ही हातांनी धरून ती हळूच खाली आणि बाहेर ओढून पाहा. हलली, करकरली किंवा भिंतीपासून सुटलेली दिसली, तर तिच्यावर भार टाकू नका आणि घरमालकाला लेखी कळवा. कित्येक घरांत रंगाचे थरावर थर चढून मागची खाच बुजलेली असते, आणि अशा ठिकाणी आकडा नीट बसत नाही. पट्ट्यांचे आकार वेगवेगळे असल्यामुळे आधी एकच आकडा आणून बसवून पाहावा आणि मगच बाकीचे घ्यावेत. ते येथील हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतात. मोठ्या तसबिरीला दोन आकडे आणि दोन तारा लावा, म्हणजे भार विभागतो आणि चौकट तिरकी होत नाही. तार वरून येत असल्याने तसबीर किंचित पुढे झुकते. चौकटीच्या मागच्या कड्या जितक्या वरच्या बाजूला लावाल, तितका झोक कमी होतो. जड आरसा मात्र या पट्टीवर टांगण्याचे धाडस मी करणार नाही.

घरात आल्यावर भिंतीवर कमरेच्या थोडे वर आणखी एक पट्टी कदाचित दिसेल. ती ‘डेडो रेल’. खुर्चीच्या पाठीने गिलावा खरचटू नये, हे तिचे मूळ काम, आणि तिला काही टांगता येत नाही. तिच्या खालच्या भागात उठावदार नक्षीचा जाड कागद असेल, तर तो उपटू नका. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ मध्ये काढलेला ‘लिंक्रस्टा’ किंवा त्यानंतर दहा वर्षांनी आलेला हलका ‘अ‍ॅनाग्लिप्टा’ यांच्या जातीचा तो असू शकतो, आणि बऱ्याचदा खालचा थकलेला गिलावा त्यानेच धरून ठेवलेला असतो.

व्हिडिओत छताच्या मधोमध दिसलेले प्लास्टरचे मोठे फूल म्हणजे ‘सीलिंग रोज’. त्याच्याखाली दिवा टांगत असत, आणि गॅसच्या दिव्यांच्या काळात काही फुलांना धूर व उष्ण हवा वर जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असत. आपल्या लोकांना ते पाहिल्याबरोबर पंख्याची जागा आठवते, म्हणून स्पष्ट सांगतो, की फुलामागे पंख्याचा भार घेणारा हूक असेलच असे नाही. घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय आणि इलेक्ट्रिशियनने वरची तुळई तपासल्याशिवाय तिथे काहीही जड लावू नका. येथे इलेक्ट्रिशियन विजेच्या तारा जोडण्याच्या छताजवळच्या प्लास्टिकच्या डबीलाही ‘सीलिंग रोज’च म्हणतात, त्यामुळे बोलताना कोणते ‘रोज’ हे आधी स्पष्ट करून घ्या.

चूल बंद केलेल्या भिंतीच्या तळाशी जी छोटी नक्षीदार जाळी असते, ती थंडीत वारा येतो म्हणून कापड कोंबून बंद करण्याचा मोह होतो. तिच्यावाटे चिमणीत हवा खेळते आणि ती बंद केल्यास आत ओल साठते. त्या खोलीत गॅसची शेगडी असेल, तर गोष्ट ओलीवर थांबत नाही, कारण हवा कोंडल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. त्याचा दाखला मागून घ्या.

आपल्यासोबत लहान मूल आहे, म्हणून रंगाविषयीही सांगायला हवे. शिसेयुक्त रंगांची सर्वसाधारण विक्री ब्रिटनमध्ये १९९२ पर्यंत पूर्णपणे थांबलेली नव्हती, त्यामुळे जुन्या लाकडावरच्या खालच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. पट्टीचा रंग निघत असेल, तर ती कोरडी घासू नका. छतावर खरखरीत नक्षीचा लेप असल्यास त्याला भोक पाडू नका, कारण अशा जुन्या लेपांत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळत असत आणि त्यावर येथे संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. लेप अखंड असेल, तर तसाच राहू देणे उत्तम.

राहायला येण्याच्या पहिल्याच दिवशी घराच्या स्थितीची नोंदयादी हातात मिळेल. तिच्यावर सही करण्यापूर्वी पट्टीच्या चारही बाजू, फुलावरच्या भेगा आणि गिलाव्याचे फुगलेले भाग यांचे तारखेसह फोटो काढून एजंटला ईमेलने पाठवा. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. वाद झाल्यास योजनेतर्फे निर्णय करून मिळतो, आणि तिथे असे फोटो उपयोगी पडतात. माझ्याकडे ते नव्हते.

आता आई-वडिलांच्या तसबिरीविषयी. काच आणि जड चौकट प्रवासात आणू नका. छायाचित्र चौकटीतून काढून दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा आणि हातातल्या सामानात घ्या. चौकट येथे करून घेताना काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक मागा, म्हणजे वजन कमी राहील, आणि मागच्या कड्या वरच्या कडेजवळ बसवायला सांगा. रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर दिवसाचा प्रकाश थेट पडतो आणि छायाचित्र फिके होते. खिडकी असलेल्या भिंतीला लागूनच्या बाजूच्या भिंतीवर आकडे लावा. पहिले काही दिवस तसबीर खाली टेकवून ठेवलीत आणि रिकाम्या आकड्यांवर तेवढ्याच वजनाची पिशवी रात्रभर टांगून पाहिलीत, तर मनात शंका राहणार नाही.