लर्निंगवर बालीत गाडी नको

अरे, लर्निंग लायसन्सवर बालीत मोटरसायकल चालवायची म्हणतोस, पण तिथला दुकानदार लायसन्स न बघता भाड्याने गाडी देतो, म्हणून निर्धास्त राहू नकोस. आपलं लर्निंग भारतापुरतंच. बालीत चालवायला आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, आणि आरटीओत ते पक्क्या लायसन्सवरच मिळतं. लर्निंग काढल्यावर ३० दिवसांनी पक्की टेस्ट देता येते; रत्नागिरीत आत्ताच तारीख घे. परमिटवर मोटरसायकलचा शिक्का आहे ना, तेही बघ, नुसता कारचा चालत नाही.

मला दंडाची एवढी काळजी नाही. विनालायसन्स पडलास तर विमा कंपनी हात वर करते आणि हॉस्पिटलचं बिल घरच्यांच्या गळ्यात. तोवर रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनारी रस्त्याच्या वळणांवर सराव कर. पुढेमागे लाल एल लाव, मागे मित्र बसवू नकोस, आणि रस्त्यावर वाळू दिसली की वळणात पुढचा ब्रेक अजिबात दाबू नकोस, वेग आधीच कमी कर.