पाखाडी आणि पाट

"मॅडम, ऑपरेशन करून अंथरुणालाच खिळले तर? आमच्या वाडीतली एकजण करून आली, वर्ष झालं तरी रडतेय."

गुहागरजवळच्या एका काकींचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) वय 68, दोन्ही गुडघे झिजलेले, पाय धनुष्यासारखे बाकलेले. डोंबिवलीचा मुलगा दोन वर्षं मागे लागला होता.

ही भीती मी उडवून लावत नाही. गुडघा बदललेल्या बहुतेकांचं दुखणं खूप कमी होतं, पण साधारण पाचातल्या एकाचं समाधान होत नाही, हे खरं आहे. जंतुसंसर्ग शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, पण झाला तर फार छळतो. म्हणून काकींची साखर आधी आटोक्यात आणायला सांगितली.

मग विचारलं, "काकी, गुडघा बरा झाला तर पहिलं काय करायचंय?"

बराच वेळ गप्प. "पाखाडी चढून देवळात जायचंय. आणि गौरीपुढे पाटावर बसून पूजा."

पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण, जमण्यासारखी होती, पाट नाही. नवा सांधा बहुधा 110 ते 120 अंश वाकतो; मांडी घालायला, उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतं, आणि डॉक्टरही तसं बसू नका म्हणतात. आपण "वाटी बदलली" म्हणतो, त्यामुळे लोकांना वाटतं तरुणपणीचा गुडघा परत मिळणार. प्रत्यक्षात हाडांची झिजलेली टोकं कापून त्यांवर धातू बसवतात, मध्ये प्लॅस्टिकची गादी. मूळ वाटी पुष्कळदा तशीच राहते.

काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आईला घाबरवतेय असं वाटून मुलगा चिडला. पण हे आधी कुणी न सांगितलेली माणसंच पुढे जास्त खचलेली मी पाहिली आहेत. त्या शेजारणीची चौकशी केली, तर बाई बाजारापर्यंत चालत जात होती! रडणं होतं ते चुलीपुढे बसता येत नाही याचं.

दिवाळीनंतर काकी स्वतःहून आल्या. "उजवा करूया. देव टेबलावर घेतले मी."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला फोन: "चूक केली गो मी." ठणका, सूज, झोप नाही. ताप आहे का, पोटरी सुजून दुखतेय का, जखमेतून पाणी येतंय का, दम लागतोय का, हे आधी विचारलं. यातलं काही असतं तर त्याच रात्री दवाखान्यात पाठवलं असतं. नव्हतं. मग कळलं, बरं वाटतं म्हणून त्या गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत होत्या. त्यानं गुडघा वाकलेलाच राहतो. उशी काढायला लावली, आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम पुन्हा सुरू केला. सूज काही महिने राहते, पूर्ण फरक कळायला वर्षही लागतं, हे त्यांना आधी सांगितलं होतं; त्या रात्री पुन्हा सांगितलं.

यंदा गौरींची पूजा त्यांनी उंच स्टुलावर बसून केली. देवळाची पाखाडी कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून चढल्या. गुडघा टेकून नमस्कार काही करवत नाही, त्याची खंत आहे. डाव्या गुडघ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी भात कापून होऊ दे."