मोबाइलने काढलेल्या फोटोत पावसाच्या धारा का दिसत नाहीत? सगळं नुसतं धुरकट येतं.

धारांच्या मागे काहीतरी गडद येईल असं उभं राहा आणि शटर, म्हणजे फोटोसाठी कॅमेरा प्रकाश आत घेतो तो वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास ठेवा, धारा दिसतील. थेंब पारदर्शक असतो आणि भिंगासारखा आकाशाचा बराच मोठा भाग स्वतःत गोळा करतो, म्हणून तो आकाशाइतकाच उजळ दिसतो. पांढुरक्या ढगांसमोर तो हरवतो. दाट झाडी किंवा ओली काळपट भिंत मागे असली की लगेच उठून दिसतो. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, कॅमेरा कुठलाही असो.

शटरचं गणित सोपं आहे. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो, म्हणजे १/६० सेकंदात १५ सेंटीमीटर. तेवढी रेघ उमटते. १/१००० ला तो जेमतेम ९ मिलिमीटर सरकतो, मग धारेऐवजी ठिपके मिळतात.

मोबाइलवर एवढं करा:
- प्रो मोडमध्ये शटर हाताने लावा.
- एचडीआर आणि नाइट मोड बंद. अनेक फ्रेम जोडताना फोन हलत्या धारा पुसून टाकू शकतो.
- फोकस एक-दोन मीटरवर, नाहीतर तो मागची भिंत पकडतो.
- फ्लॅश नको. जवळच्या थेंबांचे पांढरे गोळे येतात.

हे सगळं जोरदार सरींसाठी. भुरभुर पावसाचे थेंब अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात; त्यात धारा शोधण्यापेक्षा पानांवरचं, तारेवरचं पाणी टिपलेलं बरं.