चढली, पण मजा नाही आली

प्रश्न : दारू सुटावी म्हणून डॉक्टरांनी ह्यांना नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज एक अशी सुरू केली आहे. तरीही परवा प्यायले. उलटी वगैरे काहीच झाली नाही. म्हणतात, ‘चढली, पण मजा नाही आली.’ गोळी लागू पडत नाही का? शेजारीण म्हणते, उलटीची गोळी आणून गुपचूप आमटीत घाला.

उत्तर : लागू पडते आहे! चढणं आणि मजा येणं, या मेंदूतल्या दोन निराळ्या गोष्टी. दारू ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. जीभ जड होते, तोल जातो तो त्यामुळे. नाल्ट्रेक्सोन त्याला हात लावत नाही, तेव्हा गोळी घेऊन प्यायलेल्या माणसानंही गाडीची किल्ली घ्यायची नाही.

मजेचं असं : दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन हे अफूसारखं काम करणारं शरीराचंच रसायन सुटतं. मध्यमेंदूतल्या डोपामाइन या ‘हवंहवंसं’ वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या पेशींना एरवी दुसऱ्या पेशी आवरून धरतात. या आवरणाऱ्या पेशींवरच्या ओपिऑइड ग्राहींवर, म्हणजे अफूसारखी रसायनं जिथे चिकटतात त्या जागांवर, एंडॉर्फिन बसलं की त्या गप्प होतात, लगाम सुटतो, न्यूक्लियस अकम्बन्स या भागात डोपामाइन वाढतं आणि ‘पुन्हा घे’ ही सवय पक्की होते. नाल्ट्रेक्सोन हे ग्राही आधीच अडवतं. म्हणून पहिल्या पेगनंतर दुसऱ्याची ओढ किती, यावर लक्ष ठेवा. फरक तिथे दिसतो. आज लग्न, उद्या बारसं म्हणून गोळी चुकवत राहिले, तर मजा हळूहळू पूर्ववत.

मात्र सकाळी हात थरथरतात म्हणून कोणी पीत असेल, तर तो मजेसाठी पीत नाही, त्रास टाळायला पितो. तिथे ही गोळी पुरत नाही. अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका : पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं.

शेजारणीची गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती मजेच्या वाटेला जातच नाही. दारू पचताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साठू देते. चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. माहीत नसलेला माणूस नेहमीसारखा क्वार्टर संपवेल आणि दगावूही शकेल. आमटीत अजिबात नको.

नाल्ट्रेक्सोन चालू असताना यकृताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा. ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोबत चालत नाही, कारण तीही याच ग्राहींवर काम करतात. अपघात झाला तर मॉर्फीनसारखी वेदनाशामकंही नेहमीच्या मात्रेत लागू पडणार नाहीत, तेव्हा गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी ह्यांच्या पाकिटात असू द्या.