लेखकाचं जुनं घर स्मारक म्हणून चालवणारी माणसं दिवसभर करतात तरी काय?

तुम्ही लिहिलंय की मराठीत एमए झालंय, एखाद्या लेखकाच्या घरात, म्हणजे स्मारकात काम करायची इच्छा आहे, पण तिथली माणसं तिकीट फाडण्यापलीकडे काय करतात ते कळत नाही. मी रत्नागिरीकडची, शाळेत मराठी शिकवते, मुलांना घेऊन मालगुंडला कवी केशवसुतांच्या घरी जाणं होतं, तेव्हा तिथल्यावरूनच सांगते.

पहिली गोष्ट, ते सरकारी खातं नाहीये. कोमसाप, म्हणजे मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली सुरू केलेली कोकण मराठी साहित्य परिषद, तिने ते घर जपलं आणि १९९४ ला कुसुमाग्रजांच्या हातून स्मारकाचं उद्घाटन झालं. लिहिणाऱ्या माणसांनी आपल्या आधीच्या कवीचं घर अंगावर घेतलं, मला याचं अजूनही फार अप्रूप आहे. त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीची वाट बघू नका, अशा संस्थेचं आधी सभासद व्हायचं, कार्यक्रमांना जायचं, हाताला लागेल ते काम करायचं, ओळख तिथूनच होते.

आता काम. निम्मं काम घराचंच असतं हो. कोकणातलं कौलारू घर म्हणजे पावसाळ्याआधी शाकारणी आलीच, फुटकी कौलं काढून नवी बसवायची, वासे ठोकून बघायचे, आणि एक कौल जरी सरकलेलं राहिलं तर जुलैच्या झडीत थेट आत गळतं. भिंतीतला चिरा, म्हणजे जांभा दगड, ओल धरतो, मग फ्रेममधल्या कागदाला काचेच्या आतून बुरशी चढते, वाळवी तर कुठूनही वर येते. मातीची जमीन म्हटली की सारवण आलं, आणि ते एकदा करून भागत नाही, माणसांची ये-जा असेल तिथे लगेच पोपडे उडतात. एमएला यातलं काही शिकवत नाहीत, पण हे न करता घर पाच पावसाळेसुद्धा नीट राहणार नाही.

दुसरं काम बोलण्याचं, आणि तुम्ही तिथे खरे उपयोगी पडाल. केशवसुत साधे शाळामास्तर, नोकरीपायी गावोगाव फिरलेले, १९०५ ला हुबळीला प्लेगने गेले, पाठोपाठ काही दिवसांत बायकोही गेली. वय चाळिशीच्या आत. हयातीत एकही संग्रह निघाला नाही, कविता सगळ्या मिळून दीडशेच्याही आत, जन्मतारखेवरसुद्धा अभ्यासकांचं एकमत नाही. अशा माणसाच्या घरात मोठमोठ्या वस्तू बघायला मिळतील ही अपेक्षाच चूक आहे, तिथे कोणीतरी उभं राहून सांगावं लागतं की याच माणसाने मराठी कवितेचं वळण बदललं, आणि कसं बदललं.

गणपतीपुळं अगदी जवळ, त्यामुळे देवदर्शन करून आलेल्या गाड्या थांबतात, लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघायच्या बेतात असतात. माझ्या वर्गातली मुलंही तशीच चुळबुळत होती, एका बाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, ‘तुतारी’ वाचली, पुस्तकातल्यासारखी चालीत नाही तर कोणाला तरी हाक मारावी तशी, आणि मग विचारलं की या माणसाला राग कशाचा आलाय सांगा बघू. सातवीतली पोरं जातीपातीवर, जुन्या रूढींवर बोलायला लागली! मी वर्षभर शिकवून जे झालं नव्हतं ते तिथे झालं. मला विचाराल तर या कामात तीच खरी हातोटी, समोर कोण बसलंय ते बघून कविता निवडायची.

शेजारी आधुनिक मराठी कवींचं काव्यदालन आहे, फोटो आणि कविता लावलेल्या, तिथे तर बोलायला केवढं तरी आहे.

तर पडा यात, पगाराची आशा मात्र फार धरू नका, पोटापाण्याची दुसरी सोय असलेली बरी. आणि बघायला जाणार असाल तर दिवाळीची आणि मे महिन्याची गर्दी टाळा, पावसात जा, तेव्हा तिथल्या माणसांना तुमच्याशी बोलायला सवड असते.