वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरील गॅस्ट्रोपबमध्ये कुटुंबासह जेवताना

प्रश्न : सुट्टीत आम्ही समुद्रकिनाऱ्यावरील एका पर्यटनस्थळी जाणार आहोत. आमच्या निवासापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक गॅस्ट्रोपब, म्हणजे जेवणावर विशेष भर देणारा पब, असून तेथील जेवण चांगले असते, असे ऐकले आहे. परंतु सोबत सासूबाई आणि 8 वर्षांचा मुलगा असतील, आमच्यापैकी कोणीही मद्य घेत नाही आणि मुलाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. आम्ही तेथे जावे का?

उत्तर : अवश्य जावे, मात्र आधी एक दूरध्वनी करावा. ‘पब’ या शब्दामुळे आपल्या मनात आलेली शंका गॅस्ट्रोपबला फारशी लागू होत नाही, कारण हा प्रकार मुळात चांगल्या स्वयंपाकाच्या आग्रहातूनच जन्माला आला. 1991 मध्ये लंडनच्या क्लर्कनवेल भागातील ‘द ईगल’ हा पब डेव्हिड आयर आणि माइक बेल्बेन यांनी चालवायला घेतला, काउंटरमागेच स्वयंपाक सुरू केला, त्या त्या दिवशीचे पदार्थ फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि उत्तम उपाहारगृहाच्या तोडीचे अन्न साध्यासुध्या टेबलांवर मिळू लागले. त्यामुळे मद्य न मागवता केवळ जेवून निघणाऱ्या पाहुण्यांचे तेथे कोणालाही नवल वाटत नाही. लहान मुलांच्या प्रवेशाचे नियम मात्र ठिकाणागणिक निराळे असतात. काही ठिकाणी मुलांना जेवणाच्या भागात बसू देतात, पण बारजवळ नाही, तर काही ठिकाणी ठरावीक वेळेनंतर मुलांना प्रवेशच नसतो. दूरध्वनीवर हे विचारून घ्यावे आणि सासूबाईंसाठी पाठ असलेल्या खुर्चीची व्यवस्था होईल का, हेही विचारावे, कारण अनेक ठिकाणी उंच स्टुले किंवा नुसती बाकेच असतात.

आपल्या प्रश्नातील खरा काळजीचा मुद्दा अ‍ॅलर्जीचा आहे. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीला बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन कारणीभूत असते आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. खेकडा आणि शेवंड यांतही त्याच्याशी मिळतेजुळते प्रथिन असते. माशांची अ‍ॅलर्जी वेगळ्या प्रथिनामुळे होते, त्यामुळे कोळंबी न चालणाऱ्या अनेकांना मासे चालतात. पण आपल्या मुलाला ते चालतात की नाही, हे डॉक्टरांनीच सांगायला हवे. गॅस्ट्रोपबमध्ये धोका लपलेला असतो तो तळणीच्या तेलात. कोळंबी, मासे आणि बटाट्याचे काप एकाच तेलात तळले जात असतील, तर वरकरणी निर्धोक वाटणारी बटाट्याची बशीसुद्धा मुलाला त्रास देऊ शकते, आणि तीच गोष्ट सामाईक तव्याची व चिमट्याची. म्हणून “यात कोळंबी आहे का?” एवढेच विचारणे पुरेसे नाही, “हे कोणत्या तेलात तळता आणि त्यात आणखी काय तळले जाते?” असे विचारावे. पर्यटनाच्या हंगामात वाढपी पुष्कळदा तात्पुरते नेमलेले असतात, तेव्हा उत्तर थेट स्वयंपाक्याकडून आणून देण्याची विनंती करण्यात मुळीच संकोच करू नये. खात्रीचे उत्तर मिळाले नाही, तर तेथे मुलाला काही खायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनी दिलेले तातडीचे औषध निवासावर न ठेवता सोबतच बाळगावे.

स्वयंपाकघराची पारख करायची तर पदार्थांची यादी पाहावी. लहान आणि बदलती यादी हे सहसा चांगले लक्षण असते, कारण समुद्रात काय मिळाले आणि हवामान कसे होते, यावर मासळी ठरते. बारमाही तीच पन्नास नावे दिसली, तर बराचसा माल शीतपेटीतला असण्याची शक्यता अधिक. गोठवलेली मासळी वाईटच असते असे नाही, बोटीवर लगेच गोठवलेली मासळी उत्तम असू शकते. मात्र तिला ताजी म्हणून विकणे गैर आहे. सूर्यास्ताच्या सुमारास अशा ठिकाणी एकदम झुंबड उडते, म्हणून मुलाला आणि सासूबाईंना घेऊन तासभर आधीच जावे. त्या वेळी स्वयंपाक्यालाही आपल्या प्रश्नांकडे लक्ष देता येते.

प्रश्न : अशा ठिकाणी कच्ची कालवे आणि थंड बिअर ही जोडी आवडीने घेतली जाते. मला मधुमेह आहे. मी ती घेऊ शकतो का?

उत्तर : कच्ची कालवे आपण टाळावीत. उबदार किनारी पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जीवाणू असतात आणि कालव पाणी गाळून आपले अन्न मिळवत असल्याने ते त्याच्या शरीरात साठतात. यकृताचे विकार किंवा मधुमेह असलेल्यांना त्यांचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. लिंबू, तिखट सॉस किंवा मद्य यांनी हे जीवाणू मरतात हा समज चुकीचा आहे. व्यवस्थित शिजवणे हाच उपाय आहे, आणि चांगल्या स्वयंपाक्याच्या हातची वाफवलेली कालवे चवीला काही कमी नसतात. बिअरबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण मधुमेहाच्या काही औषधांबरोबर मद्य घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी मर्यादित प्रमाणात परवानगी दिलीच, तर बिअर उपाशीपोटी न घेता जेवणासोबत घ्यावी, मद्यामुळे शरीरातील पाणी लघवीवाटे अधिक बाहेर पडत असल्याने उन्हात बसताना सोबत पाणी पीत राहावे आणि समुद्रात पोहायचे असेल तर ते जेवायला बसण्यापूर्वीच उरकावे.