‘बॉलपार्क फिगर’ मागितली तर

बेळगावच्या उद्यमबागेत, फौंड्रीत नवीन लागलायस, तर पुण्या-बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाचा मेल येणारच: ‘बॉलपार्क फिगर’ कळवा. म्हणजे अंदाजे आकडा, कोटेशन नव्हे. बारा किलोचं कास्टिंग (ओतीव भाग) असेल तर वजन गुणिले किलोचा चालू दर, त्यावर-खाली दहा-पंधरा टक्के धरून रेंज सांग. एकच आकडा टाकलास की पर्चेसवाला तोच पीओवर (खरेदी ऑर्डरवर) छापतो, मग बस भांडत. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), मशिनिंग, जीएसटी, गाडीभाडं धरलंय की नाही, तेही त्याच ओळीत लिही. फोनवर सांगितलंस तरी मागून मेल टाकायचाच. ड्रॉइंगशिवाय वजन निघत नाही, ते आधी मागून घे. आणि ‘एक्झॅक्ट बॉलपार्क’ लिहू नको बघ, हसतात.